आधी चिप, मग लस, मग रक्त: कुत्र्याला घेऊन पुण्याहून जर्मनीला

नोकरीचं पत्र हातात पडलं की आधी व्हिसा, मग पोरांच्या शाळा, मग भाड्याचं घर, मग तिकिटं. कुत्र्याची आठवण होते ती बॅगा माळ्यावरून खाली काढल्यावर. मग फोन येतो, "अगं, पुढच्या महिन्यात निघतोय आम्ही. ब्रूनोला न्यायला काय काय लागतं?" याचं खरं उत्तर कुणालाच आवडत नाही. पुढच्या महिन्यात ब्रूनो येऊ शकत नाही. आज चिप बसवली आणि आजच लस दिली, तरी त्याला भारतातून युरोपात पोचायला किमान चार महिने लागतात. तेही कुठे काही अडलं नाही तर. सहा महिने हाताशी ठेवा.

आम्ही वाघ्याला नेलं. सतरा किलोंचा, कर्वेनगरातल्या एका बांधकामावर जन्मलेला गावठी. पुण्याहून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्ट. हा लेख त्याच वाटेचा आहे: घरचा कुत्रा, मालकाबरोबर, भारतातून जर्मनीला. युरोपीय संघातल्या बाकी देशांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. ब्रिटन, अमेरिका, जपान यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याबद्दल पुढे थोडं लिहिलंय.

एवढा वेळ कशाला लागतो?

रेबीजमुळे. रेबीजच्या दृष्टीने कोणत्या देशांवर भरवसा ठेवायचा याची युरोपीय संघाची यादी आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत, भारत नाही. यादीबाहेरच्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला नुसती लस दिलेली असून भागत नाही, ती लागू पडली आहे हे त्याच्या रक्तातून दाखवावं लागतं. आणि रक्त घेतल्यावर पुन्हा तीन महिने थांबायचं.

हे तीन महिने सरकारी खाक्या म्हणून ठेवलेले नाहीत. पिसाळलेलं जनावर चावल्यावर विषाणू नसांमधून मेंदूकडे हळूहळू सरकतो. त्याला कधी आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर कुत्रा अगदी धडधाकट दिसतो. लस मिळण्याआधीच त्याला असा चावा बसला असेल तर या मुदतीत बहुधा ते उघडं पडतं. हे कळल्यावर माझी चिडचिड बरीच कमी झाली. पगार कितीही असो आणि ओळख कितीही वरपर्यंत असो, ही मुदत कमी होत नाही.

पायरी १: चिप

तांदळाच्या दाण्याएवढी चिप पशुवैद्य जाड सुईने दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सोडतात. कुत्रा एकदा केकाटतो आणि विसरतो. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं. ("म्हणजे हरवला तर मोबाइलवर दिसेल ना?" असं सासूबाईंनी मोठ्या आशेने विचारलं होतं. नाही दिसणार.) रीडर जवळ धरला की फक्त १५ आकडी क्रमांक उमटतो.

डॉक्टरांकडे चिप मागताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे ना, एवढं विचारा. दुसऱ्या प्रकारची असेल तर तिकडच्या अधिकाऱ्याच्या रीडरवर उमटेलच असं नाही. मग ती वाचणारा रीडर तुम्हालाच बरोबर न्यावा लागेल. बसवल्याबरोबर तिथेच रीडर फिरवून क्रमांक स्वतः वाचा. पाकिटावरचा बारकोडचा स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या, आणि चिप बसवल्याची तारीख त्याच पानावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.

आता यातली खरी मेख. चिप लसीच्या आधी हवी. त्याच दिवशी चालते, पण आधी चिप, मग लस. वाघ्याला आम्ही पिल्लू असल्यापासून दरवर्षी न चुकता रेबीजची लस देत होतो. पुस्तकात चार वर्षांचे स्टिकर ओळीने लागलेले. ते सगळे फुकट गेले. चिप नव्हती, म्हणजे लस टोचलेला कुत्रा हाच, याला पुरावा काय? कागदोपत्री वाघ्याची पहिली लस चिपनंतरची.

तुमच्या मनात परदेशाचा विचार नुसता घोळत असेल, तरी चिप आजच बसवून टाका. पुढच्या सगळ्या लसी मग कामी येतात.

पायरी २: लस

कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा. लस नेहमीचीच, रेबीजची. पण पुस्तकातली नोंद आपल्या दवाखान्यांत होते तशी घाईघाईची चालत नाही. लसीचं नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल ती तारीख, या चार गोष्टी वाचता येतील अशा अक्षरात हव्यात. "पुढची लस एक वर्षाने" असं मोघम नको, नेमकी तारीख हवी.

कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच लस मिळत असेल तर काही पशुवैद्य तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देतात. एका डोसावर रक्तातली पातळी कधी कधी काठावर राहते. परीक्षेत नापास होऊन पुन्हा चार महिने मोजण्यापेक्षा एक सुई जास्त परवडली. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि या लसीची मुदत यापुढे एक दिवसही चुकू द्यायची नाही. मुदत चालू असताना बूस्टर दिला तर साखळी अखंड राहते. एक दिवस उलटला तर तोच बूस्टर पुन्हा 'पहिली लस' ठरतो आणि रक्ताची तपासणीही नव्याने करावी लागते. मोबाइलमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

पायरी ३: रक्त

पशुवैद्यांच्या बोलीत ही 'टायटर टेस्ट'. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातलं सीरम वेगळं करून प्रयोगशाळेत पाठवतात, आणि रेबीजचा विषाणू निकामी करणारी प्रतिपिंडं त्यात किती आहेत ते मोजतात. मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरली की पास.

प्रयोगशाळा मात्र युरोपीय संघाने मान्य केलेलीच हवी. कोपऱ्यावरच्या लॅबचा अहवाल, तो कितीही रंगीत असो, चालत नाही. मान्य प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर असते. नमुना पाठवण्याआधी ती स्वतः उघडून नाव ताडून पाहा. नमुना परदेशी जाणार असेल तर तो कुरिअरने नुसता टाकून चालत नाही, त्याला परवानगीचे कागद लागतात आणि तो थंड राहावा लागतो. हे काम नेहमी करणारा दवाखाना शोधा. आम्ही नेहमीच्या डॉक्टरांवरच्या प्रेमापोटी त्यांच्याकडेच हट्ट धरला असता तर फसलो असतो. त्यांनीच दुसरीकडे पाठवलं, हा त्यांचा मोठेपणा.

रक्त काढण्याआधी चिप वाचायला सांगा, दर वेळी. अर्जावर क्रमांक लिहिला की तुम्ही बोट ठेवून एकेक आकडा ताडा. आमच्या वेळी एका दवाखान्यात शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले. माणूस सज्जन, चूक साधी, पण तसाच अहवाल आला असता तर तो वाघ्याचा अहवालच नव्हता. दुसऱ्याच, अस्तित्वात नसलेल्या कुत्र्याचा होता. नवऱ्याने नमुना बंद व्हायच्या आधी पाहिलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून तो क्रमांक आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, धाकटीलासुद्धा. तिने त्याला चाल लावली होती.

तीन महिने कधीपासून मोजायचे, यावर सगळे गोंधळतात. अहवाल आल्यापासून नाही, रक्त काढल्याच्या दिवसापासून. समजा, ५ जानेवारीला चिप आणि लस झाली. ४ फेब्रुवारीला ३० दिवस भरतात. ६ फेब्रुवारीला रक्त काढलं. अहवाल फेब्रुवारीअखेर आला काय किंवा मार्चमध्ये आला काय, ६ मे उलटली की कुत्रा निघू शकतो. तिकीट त्यापुढचं. आणि हो, तिकीट अहवाल हातात आल्यावरच काढा.

वाट पाहण्याचे तीन महिने

हे फुकट घालवू नका. खरं काम याच काळात आहे, आणि ते कागदाचं नाही.

जो कुत्रा कधी पिंजऱ्यात राहिला नाही त्याला अचानक एका प्लास्टिकच्या खोक्यात नऊ-दहा तास बंद करायचं, तेही अंधारात, इंजिनाच्या घरघरीत, ओळखीचा वास नसताना. क्रेट त्याला स्वतःचं घर वाटायला लागलं तरच हे जमतं, आणि ते आठवड्याभरात होत नाही.

आधी क्रेट घ्यायचं. त्यासाठी कुत्र्याची चार मापं हवीत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. पुढच्या पायाची जमिनीपासून कोपरापर्यंत उंची. खांद्यांची रुंदी. आणि उभा असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे वर असेल तिथवर उंची. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक खालचं अंथरूण. वाघ्याचे कान उभे आहेत, आणि तेवढ्या दोन कानांपायी आम्हाला एक आकार मोठं क्रेट घ्यावं लागलं. पण त्यात तडजोड नाही. कुत्र्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. चेक-इनला माणूस बघतो, आणि क्रेट लहान वाटलं तर कुत्र्याला चढू देत नाही.

दुकानात 'एअरलाइन अप्रूव्ह्ड' असा स्टिकर लावलेलं प्रत्येक क्रेट तसं असतंच असं नाही. दार धातूचं हवं. वरचा आणि खालचा भाग प्लास्टिकच्या चापांनी नव्हे, धातूच्या नट-बोल्टने जोडलेला हवा. चारही बाजूंनी हवा खेळायला जाळी हवी. चाकं असतील तर काढायची. अन्नाची आणि पाण्याची भांडी दाराला आतून अडकवलेली, पण दार न उघडता बाहेरून भरता येतील अशी.

क्रेट आलं की दार काढून हॉलमध्ये ठेवा, आत त्याची जुनी चादर. पहिला आठवडा काहीच करू नका. वाघ्या दोन दिवस लांबून वास घेत बसला, तिसऱ्या दिवशी अर्धा आत, अर्धा बाहेर. मग जेवणाचा वाडगा आत. मग दुपारची झोप आत. मग दार पुन्हा जागेवर बसवायचं, पण बंद नाही करायचं. मग बंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, आणि आपण त्याच खोलीत. मग आपण दुसऱ्या खोलीत. शेवटच्या महिन्यात रात्रभर. गाडीत क्रेट ठेवून पुण्याबाहेर दोन-तीन चकरा मारा. आमचं क्रेट साध्या गाडीच्या मागच्या दारातून गेलंच नाही. हे मुंबईला निघायच्या सकाळी नव्हे, आधीच कळलं म्हणून बरं.

झोपेच्या गोळीबद्दल प्रत्येक जण सुचवतो. देऊ नका. गुंगीत कुत्र्याला तोल सावरता येत नाही, श्वास आणि रक्तदाब यांचा भरवसा राहत नाही, आणि वर त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. गुंगीत दिसलेला कुत्रा विमान कंपन्या नाकारतातही.

न्यावं की नाही?

हा प्रश्न मी सुरुवातीला टाकला नाही, कारण सुरुवातीला कुणी ऐकत नाही. आता कुत्रा क्रेटमध्ये कसा वागतो ते तुम्ही पाहिलंय.

पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णतेत आणि ताणात श्वास पुरत नाही. कित्येक विमान कंपन्या त्यांना सामानकक्षात घेतच नाहीत. ज्या घेतात त्यांच्याकडूनही मी पाठवणार नाही. लहान असेल तर केबिनमधून, नाहीतर नाही. चौदा वर्षांचं, हृदयाची गोळी चालू असलेलं म्हातारं कुत्रं वर्षभराच्या कामासाठी न्यायचं का? आईकडे, मावशीकडे, त्याच्या ओळखीच्या अंगणात ते जास्त सुखात राहील. यात प्रेम कमी पडलं असं काही नाही.

जातीचीही अडचण येते. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना जर्मनीत आणायला बंदी आहे, त्यांच्या संकरालाही. राज्यांच्या याद्या आणखी वेगळ्या असतात, म्हणून ज्या राज्यात राहणार तिथली यादी बघा. गावठी कुत्र्याला ही भीती नाही, पण कागदावर त्याची जात सगळीकडे एकच लिहून घ्या. एका कागदावर 'इंडियन परिआ', दुसऱ्यावर 'क्रॉस', तिसऱ्यावर 'लॅब मिक्स', असं असलं की अधिकारी उगाच थबकतो.

पायरी ४: विमान

कुत्रा तीन प्रकारे जातो: केबिनमध्ये तुमच्या पायाशी, तुमच्याच विमानात खालच्या कक्षात जादा सामान म्हणून, किंवा कार्गोने. केबिनची मर्यादा कंपनीगणिक बदलते. लुफ्तान्झाची पिशवीसकट ८ किलो आहे. म्हणजे पॉमेरेनियन बसेल, वाघ्या नाही. खालचा कक्ष ऐकायला भयंकर वाटतो, पण जिथे प्राणी ठेवतात तिथे प्रवाशांइतकाच हवेचा दाब असतो आणि तापमान राखलेलं असतं. कार्गोचा खर्च माणसाच्या तिकिटाला सहज मागे टाकतो आणि एजंटही लागतो, पण फार मोठ्या क्रेटला कधी कधी तेवढाच मार्ग उरतो.

एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. म्हणून आधी कंपनीला फोन करायचा, कुत्र्याचं वजन आणि क्रेटची मापं सांगायची, जागा पक्की करून घ्यायची, आणि मगच स्वतःचं तिकीट. उलट केलंत तर तुम्ही विमानात आणि कुत्रा पुण्यात.

शक्यतो थेट विमान घ्या. मधला प्रत्येक थांबा म्हणजे तापलेल्या धावपट्टीवर क्रेटची आणखी एक चढ-उतार आणि कदाचित आणखी एका देशाचे नियम. उन्हाळ्यात निघावं लागलं तर रात्रीचं उड्डाण निवडा. फार उकाडा असेल तर कंपन्या प्राणी घेणं थांबवतात.

मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. नवरा जूनमध्ये गेला, बायको आणि कुत्रा ऑगस्टमध्ये, तर कुत्र्याचे कागद बायकोच्या नावाने करा. पाच दिवस उलटले की तो 'घरचा कुत्रा' राहत नाही, व्यापारी आयात ठरतो आणि सगळी नियमावलीच बदलते.

पायरी ५: शेवटचे दहा दिवस

इथे केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसशी गाठ पडते. सगळे तिला 'एक्यूसीएस' म्हणतात. पुण्यातून निघणाऱ्यांना मुंबईचं कार्यालय. युरोपीय संघाचा ठरलेल्या नमुन्याचा आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्याच्या सही-शिक्क्यानेच ग्राह्य धरतात. आपल्या डॉक्टरांची सही त्याला पुरत नाही. दाखल्याचा नमुना इंग्रजी आणि ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्या भाषेत हवा. फ्रँकफर्टला उतरणार तर इंग्रजी-जर्मन. पॅरिसला विमान बदलून म्युनिकला जाणार असाल तर फ्रेंच, कारण तपासणी पॅरिसला होते.

हा दाखला सही झाल्यापासून युरोपात तपासणी होईपर्यंत दहा दिवस चालतो. त्यामुळे तो लवकर घेऊन ठेवता येत नाही आणि उशीरही परवडत नाही. आम्ही उड्डाणाच्या चार दिवस आधीची वेळ धरली. मध्ये शनिवार-रविवार किंवा सणाची सुट्टी येते का ते कॅलेंडरवर बघा. गणपतीत निघणाऱ्यांनी तर दोनदा बघा.

कार्यालयात कुत्रा हजर करावा लागतो. बरोबर लसीचं मूळ पुस्तक, टायटरचा मूळ अहवाल, चिपचा दाखला, तुमच्या डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, तुमचा पासपोर्ट आणि तिकीट, कुत्र्याचे फोटो. विक्रीसाठी नेत नाही असं मालकाचं सहीचं निवेदनही दाखल्याला जोडतात. अर्जात काय जोडायचं हे कार्यालयाकडून त्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा. एक संच हातातल्या पिशवीत, एक क्रेटच्या वर चिकटवलेल्या पाकिटात, एक फोनमध्ये.

निघायचा दिवस

जेवण उड्डाणाच्या पाच-सहा तास आधी, नेहमीपेक्षा कमी आणि नेहमीचंच. निघायच्या आनंदात चिकन घालू नका. पाणी मात्र द्या. क्रेटमधल्या भांड्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळतं.

मुंबईला चार तास आधी पोचा. क्रेट रिकामं करून एक्स-रेमधून जातं, त्या वेळी कुत्रा तुमच्या हातात असतो. म्हणून पट्टा आणि घट्ट बसणारा हार्नेस हाताशी हवा. अनोळखी आवाजाने घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान काढून पळतो, आणि विमानतळावर तो सापडणं सोपं नाही. क्रेटमध्ये शोषून घेणारी चादर आणि तुमचा न धुतलेला टी-शर्ट. आत खेळणं, हाड, साखळी काही ठेवू नका.

आत घालताना रडू नका. किंवा रडा, पण तो आत गेल्यावर.

विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा की खाली तुमचा कुत्रा आहे आणि तो चढल्याचं कळलं तर बरं वाटेल. बहुतेक जण आनंदाने विचारून सांगतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते. कुत्र्यासाठी घेतलेले चिकनचे तुकडे, चघळायची हाडं, दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. तुमच्या डब्यातलं तूप आणि पेढेही त्याच नियमात बसतात. आईला हे आधीच सांगा, नाहीतर डबा भरून झाल्यावर सांगायची वेळ येते.

फ्रँकफर्टला उतरल्यावर

प्राण्यांसह प्रवेशाला ठरावीक विमानतळ असतात, फ्रँकफर्ट त्यातलं एक. हिरव्या रांगेतून सरळ बाहेर पडायचं नाही. लाल रांगेत जाऊन कुत्रा आणल्याचं कस्टमला सांगायचं. ते चिप वाचतात, क्रमांक दाखल्याशी ताडतात, टायटरची तारीख बघतात. कागद नीट असले तर विलगीकरण वगैरे काही नाही, कुत्रा तुमच्याबरोबर घरी. कागद चुकले तर तीन शक्यता: परत पाठवणं, तुमच्या खर्चाने विलगीकरण, आणि दोन्ही अशक्य असेल तर जनावराला मारणं. तिसरी गोष्ट नियमात लिहिलेली आहे, म्हणून सांगितली.

मग पहिल्या आठवड्यात जवळचा पशुवैद्य गाठून युरोपीय पेट पासपोर्ट करून घ्या. निळ्या रंगाची छोटी पुस्तिका, पुढे संघातल्या देशांत फिरायला तीच लागते. चिपचा क्रमांक टासो या नोंदवहीत घाला, नोंद फुकट होते. चिप असून नोंद नसेल तर हरवलेला कुत्रा तुमचा आहे हे कुणाला कळणार? नगरपालिकेत कुत्र्याचा कर भरायचा, 'हुंडेश्टॉयर'. रक्कम गावागणिक वेगळी, दुसऱ्या कुत्र्याला बहुधा जास्त. काही राज्यांत, उदाहरणार्थ बर्लिन, हाम्बुर्ग, लोअर सॅक्सनीत, कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. सक्ती नसली तरी काढा. आणि घर भाड्याने घेण्याआधीच घरमालकाची कुत्र्याला लेखी संमती घ्या.

रस्त्यावर वाघ्या पहिला महिनाभर गोंधळलेला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून तो भटक्या कुत्र्यांची वाट बघायचा. इथे ते नाहीतच. भुंकायला कुणी नाही, हद्द राखायला कुणी नाही. पुण्यात ज्याच्याशी रोज सकाळी भांडण व्हायचं त्या काळ्या कुत्र्याची त्याला आठवण येत असावी, असं मला वाटतं. गावठी कुत्र्यांना हा बदल जड जातो. खेळ, वास हुंगायचे लांब फेरे, दुसऱ्या पाळीव कुत्र्यांशी हळूहळू ओळख, यांत त्याला गुंतवा. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ वितळायला मीठ टाकतात, त्याने पंजे चिरतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा.

जर्मनी नसेल तर

ब्रिटनला चिप, लस, रक्त आणि तीन महिने हीच साखळी. पण कुत्रा विमानाने फक्त कार्गो म्हणूनच उतरू शकतो, आणि पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून पट्टकृमीचं औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, आणि भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्याला नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी जागा राखून, ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतं. टायटरचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण. जपान रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबायला लावतं आणि पोचायच्या ४० दिवस आधी सूचना मागतं. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. आधी मान्य देशात राहून, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात विलगीकरण. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या ओळखीच्यांना मी सरळ सांगते, वर्षभराचा हिशेब मांडा.

परत यायचं असेल तर

सुट्टीला महिनाभर भारतात येताना कुत्र्याला आणू नका, त्याला जर्मनीतच सांभाळणारा शोधा. कायमचं परत येताना, परदेशात दोन वर्षं राहून वास्तव्य हलवणाऱ्या माणसाला दोन पाळीव प्राणी सामानाबरोबर आणता येतात, तेही एक्यूसीएसचं ना-हरकत पत्र आधी घेऊन आणि ती सेवा असलेल्या विमानतळावरच. आणि काही कारणाने वाघ्यासारख्याला मध्येच भारतात न्यावंच लागलं, तर निघण्याआधी टायटरचा निकाल त्याच्या युरोपीय पासपोर्टात नोंदवून घ्या. लसीची साखळी तुटली नसेल, तर परत येताना तीन महिने पुन्हा मोजावे लागत नाहीत.